आप्पांच्या खांद्यावरचा हात

पिक्चर कळावा तर रामगोंडा पाटलांनाच, असं अख्ख्या कुंडलमध्ये एकच माणूस म्हणत असे. तो माणूस म्हणजे स्वतः रामगोंडा पाटील, घरच्यांचे आप्पा.

त्यांची पिक्चर बघायची पद्धत ठरलेली होती. पिक्चर कुठलाही असो, थिएटर सांगलीतलं आणि शो दुपारचा. संध्याकाळचा शो त्यांनी जन्मात बघितला नाही. जैनाच्या घरात दिवस मावळायच्या आत ताटावरून उठायचं असतं, आणि ही गोष्ट पिक्चरवाल्यांना अजून कुणी कळवलेली नव्हती. त्यामुळे शेवट लांबत चालला की आप्पा पडद्याकडे कमी आणि घड्याळाकडे जास्त बघत. कित्येक नायिकांची लग्नं त्यांनी न बघताच मान्य करून टाकली होती.

बाहेर आल्या आल्या ते लेकीला विचारत, "तुला कसा वाटला?"

लेक म्हणजे प्रीती. ती साताऱ्याला कॉलेजात मराठी शिकवायची. समीक्षा कशाशी खातात ते पोरांना वर्षभर समजावून सांगायची, आणि कुणी पेपरात 'लय' लिहिलं की त्याभोवती लाल पेनाने गोल काढायची. फ्रॉक घालत होती तेव्हापासून ती आप्पांच्या शेजारच्या खुर्चीत बसत आली होती, आणि तेव्हापासून तिचं उत्तर एकच होतं.

"ठीक होता."

"ठीक ही तब्येत झाली," आप्पा म्हणायचे. "मी मत विचारलंय."

त्या रविवारीही सगळं असंच, नेहमीसारखं चाललं होतं. तिकिटं अतिशयनं काढली होती. अतिशय हा प्रीतीचा धाकटा भाऊ. तो शेती बघायचा, म्हणजे उसाला पाणी सोडून बांधावर मोबाइलमध्ये गेम खेळत बसायचा. त्यातल्याच एका गेमवर इंग्रजांनी पिक्चर काढला होता. नावाच्या शेवटी चारचा आकडा होता, म्हणजे त्यातल्या मेलेल्यांना याआधी तीनदा मारून झालं होतं.

"भुताचा हाय का रं?" आप्पांनी गाडीत विचारलं.

"भुतं न्हाईत आप्पा, झोंबी."

"फरक काय?"

"भुताला अंग नसतंय. ह्यांना अंग असतंय, फकस्त डोकं चालत न्हाई."

"मग आपल्या सोसायटीच्या मीटिंगला बघितल्यात की," आप्पा म्हणाले आणि खिडकीची काच खाली केली.

पिक्चर हिंदीत केलेला होता. काळ्या चामड्याचे कपडे घातलेली एक बाई दोन्ही हातांत बंदुका घेऊन मेलेल्यांना पुन्हा मारत सुटली होती. मेलेले पडत होते, उठत होते, तक्रार करत नव्हते. प्रीती चेहऱ्यावरची रेघ हलू न देता बसली होती. हे तिला फार छान जमतं असा तिचा समज होता. एका बाजूला अतिशय कुजबुजत होता, "गेममधे हा दरवाजा न्हाईच. ही चावी तर लिफ्टमधे सापडती." दुसऱ्या बाजूला आप्पा कुजबुजत नव्हते. आप्पांना कुजबुजता येत नसे.

"ह्यांना रानात कामाला का लावत न्हाईत?" असं त्यांनी विचारल्यावर पुढच्या दोन रांगांनी मागं वळून बघितलं. मध्यंतरानंतर त्या रांगा पडद्याकडे कान देऊन आप्पांकडेच तोंड करून बसल्या, असं म्हटलं तर थोडी अतिशयोक्ती होईल, पण थोडीच.

बाहेर दाराशी पिक्चरचं माणूसभर उंचीचं पोस्टर उभं केलं होतं. त्यातल्या एका झोंबीचा हात असा पुढे आला होता की समोर उभं राहून फोटो काढला तर तो बरोबर आपल्या खांद्यावर पडावा. हाताचा रंग राखेसारखा, नखं लांब आणि एक बोट अर्धं झडलेलं. तिथेच माइक घेऊन धनाजी उभा होता. माइकवर पिवळ्या स्पंजाचा चौकोनी ठोकळा होता आणि त्यावर 'पब्लिक बोल' असं लिहिलेलं. पिक्चर सुटला की लोकांना गाठून पोस्टरसमोर उभं करून मत विचारायचं आणि ते मोबाइलवर टाकायचं, हा त्याचा धंदा.

"काका, कसा वाटला पिक्चर?"

जन्मभर ज्या प्रश्नाची वाट बघितली तो प्रश्न अखेर एका परक्या माणसानं विचारला होता. आप्पांनी टोपी नीट केली.

"पिक्चर चांगला हाय. बाई कष्टाळू हाय. पण मला एक सांगा, एवढी माणसं बिनकामाची हिंडत्यात, पगार मागत न्हाईत, उन्हातानाचं बघत न्हाईत, आणि आमच्याकडं ऊसतोडीला टोळी मिळंना झालीय. ही कुठली पद्धत?"

"आणि मारामारी?"

"आता मेलेल्याला मारलं तर हिंसा धरायची का न्हाई, हे मला महाराजांना विचारायला लागंल. एक मात्र चुकलं. सगळे दिवस मावळल्यावर खात्यात. दिवसाउजेडी खाल्लं असतं तर एवढा दंगा झालाच नसता."

भोवतालची माणसं हसायला लागली. आप्पाही हसले. आप्पा फोटोत कधी हसत नसत; आधार कार्डावर तर ते पोलिसांनी पकडून आणल्यासारखे दिसत. पण त्या क्षणी ते प्रीतीकडे बघून हसले, कारण धनाजीनं माइक तिच्यासमोर धरला होता.

"मॅडम, तुमचं मत?"

"मी असं उभ्याउभ्या मत देत नाही," प्रीती म्हणाली.

"अक्का प्राध्यापक हाय," अतिशयनं खुलासा केला, जणू एखादा आजार सांगावा.

परतताना पलूसच्या पुढे उसाच्या ट्रॅक्टरमागे गाडी अडकली, तेव्हा आप्पांनी मान वळवून विचारलंच. "मग? तुला कसा वाटला?"

प्रीती दमली होती. दुसऱ्या दिवशी कॉलेजला सुट्टी होती, घाई कसलीच नव्हती. "उद्या सांगते," ती म्हणाली.

"सांग. पर ठीक म्हणू नको."

दिवस मावळायच्या आत सगळे जेवले. प्रीतीची आई, राजमती, हिनं विचारलं की बाई शेवटी मेली का. आप्पा म्हणाले, "मेली तरी चालतंय, पाचवा भाग हाय."

सकाळी आप्पांनी म्हशीची धार काढली, भरलेली चरवी दारात ठेवली, आणि गोठ्याच्या भिंतीला टेकून बसले. राजमतीनं चहाला हाक मारली. नंतर पुन्हा मारली.

*

धनाजीला यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यानं आपल्या धंद्याच्या नियमाप्रमाणे सोमवारी दुपारी व्हिडिओ टाकला. आप्पांना अग्नी देऊन लोक घरी पोचायच्या आत तो त्यांच्या मोबाइलमध्ये पोचला होता.

त्यामुळे पाटलांच्या घरी भेटायला येणाऱ्यांची मोठी पंचाईत झाली. दुःखाच्या घरी काय बोलायचं ते ठरलेलं असतं: "काय झालं एकाएकी?", "चांगलं मरण आलं", "आता धीर धरा". आता त्यात चौथं वाक्य आलं. माणसं ओसरीवर बसत, डोळे पुसत, राजमतीकडे बघून मान हलवत, आणि थोड्या वेळानं हळूच विचारत, "पर तो पिक्चर नक्की कशावर हाय?"

अतिशय सांगायचा. पहिल्या दिवशी थोडक्यात सांगितलं, दुसऱ्या दिवसापासून गेमसकट. कुणी म्हणालं, हिरवीणीनं त्या बोगद्यात जायलाच नको होतं. कुणी म्हणालं, बंदुकीपेक्षा कोयता बरा पडला असता. पिक्चर कुणीही बघितला नव्हता, त्यामुळे मतं अगदी ठाम होती. प्रीतीनं इतकी वर्षं समीक्षा शिकवली, पण पुस्तक न वाचता त्यावर एवढ्या आत्मविश्वासानं बोलणारी माणसं तिला फक्त विद्यापीठाच्या चर्चासत्रात भेटली होती.

शेजारची म्हातारी शालूबाई मात्र सगळं ऐकून म्हणाली, "एवढी मेलेली माणसं रस्त्यानं हिंडली, आन् एकाच्या बी घरचं कुणी न्ह्यायला आलं न्हाई?"

प्रीती उठून आत पाणी आणायला गेली आणि तांब्या रिकामाच घेऊन बाहेर आली.

व्हिडिओखाली लोकांचे अभिप्राय वाढत होते. 'काका लय भारी.' 'काकांना पुढच्या पिक्चरला पण पाठवा.' 'काका कुठं गेले, नवीन व्हिडिओ कधी?' प्रीतीनं ते सगळे वाचले. एकाच्याही 'लय'भोवती गोल काढावासा वाटला नाही.

पुढच्या रविवारी चौकात श्रद्धांजलीची सभा ठरली. वेळ दुपारची, म्हणजे लोकांना उजेडात घरी जाऊन जेवता येईल. प्रीतीची एकच इच्छा होती: सभेत आप्पांना कुणी हसू नये. तिनं भाषणाची तयारी केली. त्यात शेती होती, माती होती, व्रतस्थ जीवन होतं. झोंबी नव्हते.

फ्लेक्सचं काम अतिशयकडे दिलं, आणि इथेच ती चुकली.

रविवारी सकाळी चौकात फ्लेक्स लागला. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली 'शोकाकुल' म्हणून गावातल्या त्या सगळ्यांची नावं, ज्यांना पुढची निवडणूक लढवायची होती, आणि मधोमध आप्पा. पांढरी टोपी, मागे निळं आकाश, तोंडभर हसू. प्रीतीचे डोळे भरून आले. ते पुसून तिनं पुन्हा बघितलं.

"अतिशय, आप्पांच्या खांद्यावर हात कुणाचा आहे?"

अतिशयनं बघितलं. त्याचा चेहरा गेममधल्यासारखा पांढरा झाला.

झालं होतं ते असं. आप्पांचा हसरा फोटो घरात एकही नव्हता. म्हणून अतिशयनं व्हिडिओतलंच एक चित्र काढून पलूसच्या फ्लेक्सवाल्याला पाठवलं आणि लिहिलं, 'मागचं सगळं काढ.' फ्लेक्सवाला जयराज कामाचा माणूस. त्यानं मागचं सगळं काढलं. पोस्टर काढलं, बाई काढली, बंदुका काढल्या. हात तेवढा ठेवला.

"अहो, हात कसा काय ठेवला?" प्रीतीनं फोनवर विचारलं.

"मॅडम, मला वाटलं घरच्याच कुणाचा तरी असंल. मयताच्या खांद्यावरचा हात कसा कापायचा? बरं दिसतंय का ते?" जयराजच्या आवाजात जबाबदारी होती. "उलट काळवंडला होता तो, उजळून घेतला. नखं वाढलेली, ती बी कापली. त्येचं जादा काय लावलं न्हाई."

"दुसरा छापून द्या. लगेच."

"देतो की. तोवर हा उतरवून ठेवा."

अतिशय खांबावर चढणार, एवढ्यात समोरून गुंडाकाका आले.

गुंडाकाका हे आप्पांचे सख्खे धाकटे भाऊ. दोघांची घरं एका भिंतीची आणि विहीर एक. पाण्याच्या पाळीवरून एकदा बोलाचाली झाली, ती कोर्टात गेली, आणि त्यानंतर दोघांमध्ये बोलली ती फक्त भिंत. आप्पा गेले त्या दिवशी काका आले होते, पण लांब जोत्याच्या टोकाला बसले आणि एक शब्द न बोलता उठून गेले.

आता ते फ्लेक्सखाली उभे राहिले. बराच वेळ वर बघत राहिले. मग त्यांनी आपला उजवा हात डोळ्यांसमोर धरला. कडबाकुट्टीत त्यांचं एक बोट अर्धं गेलं होतं.

"पोरा," ते अतिशयला म्हणाले, "ह्यो माझा हात हाय न्हवं?"

खांबावर एक पाय ठेवून अतिशय तसाच थांबला. त्यानं प्रीतीकडे बघितलं.

"कुणाच्या तरी लग्नातला फोटू असंल," काका म्हणाले. "मला वाटलं, दादानं माझं सगळं फोटू फाडून टाकलं. आन् त्यानं ह्यो जपून ठेवला. हात काढला न्हाई माझा."

"न्हाई काढला, काका," अतिशय खाली उतरत म्हणाला. यात खोटं काहीच नव्हतं.

काका तडक घरात गेले. राजमतीपुढे बसले आणि लहान मुलासारखे रडले. राजमतीनं त्यांना भाकरी वाढली. जेवता जेवता ते म्हणाले, "वैनी, पाण्याची पहिली पाळी तुमीच घ्या. माझा ऊस थांबतोय."

दाराआडून ऐकणाऱ्या अतिशयनं बहिणीला हळूच सांगितलं, "अक्का, एवढी वर्षं कोर्टाला जमलं न्हाई ते झोंबीनं केलं."

प्रीतीनं जयराजला फोन करून सांगितलं की दुसरा फ्लेक्स नको. तो म्हणाला, "मी म्हटलंच हुतं, बरं दिसतंय."

*

सभेला गाव लोटलं. अध्यक्ष बोलायला उभे राहिले, 'कैलासवासी' एवढं म्हणाले आणि वीज गेली. लाउडस्पीकर गप्प झाला. त्यामुळे गावाचं फार नुकसान झालं नाही, पण सभेची पंचाईत झाली.

तेवढ्यात गर्दीतून एक माणूस पुढे आला. हातात छोटा स्पीकर आणि पिवळा ठोकळा लावलेला माइक. धनाजी. बातमी कळल्यापासून त्याला झोप नव्हती आणि तो सांगलीहून माफी मागायला आला होता. "हा बॅटरीवर चालतो," तो म्हणाला. अध्यक्षांनी तो माइक घेतला, आणि पुढची सगळी भाषणं 'पब्लिक बोल'वर झाली. गावातले प्रतिष्ठित लोक एकेक करून तो पिवळा ठोकळा तोंडाशी धरून आप्पांच्या साधेपणावर बोलले. प्रत्येकजण थेट पिक्चर सुटून बाहेर आल्यासारखा दिसत होता.

गुंडाकाका बोलले. त्यांनी हाताची गोष्ट सांगितली, आपलं बोट वर करून दाखवलं. बायांनी पदर डोळ्यांना लावले.

मग धनाजी म्हणाला, "मला बी दोन शब्द बोलू द्या," आणि स्वतःचाच माइक परत घेतला. त्यानं वर फ्लेक्सकडे बघितलं. बघतच राहिला. त्या पोस्टरसमोर त्यानं आठवडाभर रोज माणसं उभी केली होती. तो हात त्यानं झोपेतसुद्धा ओळखला असता.

"काका शेवटचे माझ्याशीच बोलले," तो म्हणाला. "ह्या फोटूत हसत्यात, तसंच हसत माझ्यासमोर उभे हुते. आणि हा जो त्यांच्या खांद्यावर हात हाय न्हवं..."

प्रीतीला उठल्याचं कळलं नाही. लोकांनी एवढंच बघितलं की कायम हळू चालणाऱ्या, कायम हळू बोलणाऱ्या प्राध्यापक बाई दोन खुर्च्या ओलांडून गेल्या आणि माणसाच्या हातातून माइक ओढून घेतला. चामड्याच्या कपड्यातल्या बाईलाही हे एवढ्या झपाट्यानं जमलं नसतं.

"हा हात," प्रीती म्हणाली, आणि थांबली. पुढच्या रांगेत गुंडाकाका अर्ध्या बोटानं डोळे पुसत होते. "हा हात घरातला आहे. आज सकाळीच घरी आला."

लोकांना ते फार आवडलं. मागून कुणीतरी 'वा' म्हणालं. धनाजीनं एकदा काकांच्या बोटाकडे बघितलं, एकदा फ्लेक्सकडे, आणि त्याला सगळं कळलं. तो भला माणूस होता. पण चारशे डोळे त्याच्याकडे लागलेले, माइक गेलेला, काहीतरी बोलणं भाग. अशा वेळी माणसाच्या तोंडून तेच येतं जे तो रोज बोलतो.

"मग मॅडम," धनाजी म्हणाला, "कसा वाटला पिक्चर?"



भाषणाचा कागद प्रीतीच्या खुर्चीवर राहिला होता. त्यात शेती होती, माती होती. तिनं वर बघितलं. आप्पा हसत होते, थोडे बाजूला, जिथं त्या दिवशी ती उभी होती तिकडे बघत. वाट बघणाऱ्या माणसासारखे. त्यांनी बजावून सांगितलं होतं, ठीक म्हणू नको.

तिनं पिवळा ठोकळा तोंडाजवळ धरला.

"लय आवडला, आप्पा," ती म्हणाली. "तुमच्याबरोबर बघितलेले सगळेच लय आवडले. भिकार होते तेसुद्धा."